फळी क्रमांक ११७

पदनाम: क्रीडातल देखभाल सहायक, श्रेणी दोन, कंत्राटी. वय: छप्पन्न. अर्हता: सुतारकामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, उत्तीर्ण. कर्तव्ये: व्यावसायिक महिला बास्केटबॉल लीगच्या हंगामात, प्रत्येक घरच्या सामन्याआधी दोनशे सोळा लाकडी फळ्या जोडून खेळाचा तल सिद्ध करणे व सामन्यानंतर त्या उचलून क्रमवार रचून ठेवणे. स्वभावाचा रकाना फॉर्ममध्ये नाही, त्यामुळे कार्यालयाची मोठी अडचण टळली.

सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. एरवी सभागृहात प्रदर्शनं, संमेलनं, गाण्याचे जलसे चालत, म्हणून हा सगळा उपद्व्याप. प्रत्येक फळी दाराएवढी, पाठीवर नंबर, खाली आडव्या पट्ट्या आणि रबराचे आठ तुकडे. जोडणी झाली की मिस्त्री अनवाणी फिरत आणि टाच आपटून ऐकत. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात टाचेनं सांगितलं, ११७ मेली. खालचं रबर चेपलेलं, एक पट्टी चिरलेली. तिच्यावर आपटलेला चेंडू गुडघ्यापर्यंतही वर येईना.

मिस्त्रींनी अर्ज केला. वर शेरा पडला, ‘नोंद घेतली.’

तिसऱ्या सामन्यात पाहुण्या संघाच्या दोघींचा चेंडू तिथेच सुटला. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मिस्त्रींना खोलीत बोलावलं, बसा म्हणाले. एवढ्यावरूनच मिस्त्रींना संशय आला.

“ते ११७चं राहू द्या जरा.”

“राहू द्या म्हणजे?”

“आहे तसं. आपल्या मुलींना माहीत आहे, त्या वळसा घालून जातात. पाहुण्यांना काय कळतंय?”

“साहेब, फळी खराब आहे ती.”

“घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात त्याला. सगळीकडे असतो.”

“मग तसं लेखी द्या.”

“असल्या गोष्टी लेखी देतं का कुणी, मिस्त्री?”

त्या दिवसापासून ११७साठी प्रशिक्षण सुरू झालं, तिला सोडून बाकी सगळ्यांना. कर्णधार मुलगी अंगानं सगळ्यांत लहान आणि पायांनी सगळ्यांत चपळ, तिला सगळे भिंगरी म्हणत. कोच तिच्याकडून रोज दोनशे वेळा तो वळसा घालून घेई. बाकीच्यांना हुकूम एकच, समोरचीला डावीकडे रेटा, रेषेजवळच्या त्या कोपऱ्यात. संघ जिंकत सुटला. पेपरात ‘अभेद्य बचाव’ वगैरे छापून आलं. मिस्त्रींनी तो पेपर लाकडाला तेल लावायच्या कामी आणला.

घरी जेवताना ते टेबलावर बोटांनी टकटक करत राहत.

“अहो, टेबल ठीक आहे,” बायको म्हणाली. ती कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची, फाटकं दिसलं की टाका घालायची, त्यात चर्चेचा भाग नसे. “संघ जिंकतोय ना? मग तुमचंच नाव झालं की.”

“कसलं नाव? मैदानात मुडदा मांडून ठेवलाय, आणि सामन्याआधी तो पुसून चकचकीत करायचं काम माझं.”

“मग शिवून टाका.”

“हात लावू नका म्हणाले.”

“कुणाला, तुम्हाला? आणि तुम्ही ऐकलंत?”

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोचं म्हणणं खरं असलं की ती जास्तच जायची.

दहाव्या सामन्यात पाहुण्यांची एक मुलगी न उसळलेल्या चेंडूसाठी वाकली आणि मागून येणारीचा गुडघा तिच्या हातावर आदळला. मनगट मोडलं. समालोचक म्हणाला, दुर्दैव. मिस्त्री पुसणं घेऊन बाजूलाच उभे होते. त्यांना तो शब्द इतका लागला, की समालोचकाच्या खुर्चीचे स्क्रू काढावेत असं गंभीरपणे वाटून गेलं. त्याऐवजी त्यांनी नववा अर्ज लिहिला. त्यात दोनच शब्द होते, ‘मनगट मोडलं.’ शेरा पडला, ‘नोंद घेतली.’

अंतिम सामन्याच्या सकाळी मिस्त्रींनी ११७ सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर उताणी घातली, चिरलेली पट्टी काढून नवी बसवली, आठही रबरं बदलली आणि फळी जागच्या जागी ठोकली. टाच आपटली. खणखणीत. सांगितलं कुणालाच नाही. सांगण्याचं काम नऊ अर्जांत उरकलं, असं त्यांचं मत होतं.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरच्या मुली त्या कोपऱ्याकडे फिरकायच्याच बंद झाल्या होत्या. पूर्वार्धात त्यांनी पाहुण्यांना इमानेइतबारे तिकडे रेटलं, आणि पाहुण्यांनी तिथून आरामात बास्केट केल्या. कोच बाकावरून करवादला, नीट रेटा. या इमारतीत कुणी न सांगता काही दुरुस्त करेल, ही शक्यता त्याच्या अनुभवात बसत नव्हती.

शेवटचे सहा सेकंद. घरचा संघ एका गुणानं मागे. चेंडू भिंगरीकडे, आणि समोर बास्केटपर्यंत वाट मोकळी, सरळ ११७वरून. भिंगरी धावली आणि ११७ आली तशी वळली. दिवसाला दोनशे वेळा वळली होती तशीच. पाय बाहेरच्या रेषेवर पडला. शिट्टी. चेंडू पाहुण्यांचा, आणि सामनाही.

व्यवस्थापक खाली आले तेव्हा मिस्त्री फळ्या जोडणाऱ्या खिळी उपसत होते.

“११७ला हात लावलात?”

“लावला.”

“कुणाच्या परवानगीनं?”

“हे लेखी विचारा, साहेब.”

व्यवस्थापक आले तसे निघून गेले. एवढ्या हंगामात मिस्त्रींना प्रथमच बरं वाटलं. ते फार टिकलं नाही, कारण मागून चेंडूचा टप्पा ऐकू आला. एक, दोन, तीन. भिंगरी ११७वर उभी होती आणि चेंडू नीट तिच्या तळहाताशी येत होता.

“कधी केलंत, काका?”

“सकाळी.”

“मला नाही सांगितलंत?”

“नऊ वेळा लिहिलंय मी.” उत्तर तयारच होतं.

“कुणाला?”

“साहेबांना.”

“मी रोज तुमच्या समोरून जात होते.”

“तुम्हीही वळसा घालतच होता की,” मिस्त्री तिरसटून म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “घालत होते.” चेंडू काखेत मारून ती गेली.

मिस्त्रींनी उरलेल्या फळ्या इतक्या जोरात रचल्या की पहारेकरी पाहायला आला. कुणावर चिडायचं ते या वेळी नीट ठरत नव्हतं, आणि ज्याच्यावर ठरत होतं त्याच्या नावे अर्ज करायची सोय नव्हती.

वर्षअखेरचा गोपनीय अहवाल. वर्तन: समाधानकारक. तलाबाबत तक्रारी: निरंक. तलाच्या स्थितीचा सामन्यांच्या निकालांवर परिणाम: नाही. कंत्राटाचे नूतनीकरण: शिफारस करण्यात येते, अन्य अर्जदार नसल्याने.

नवा हंगाम सुरू होऊन पाच सामने झालेत. भिंगरी अजून ११७ला वळसा घालून जाते.