कोरिंतोला राहिलेला डबा

बेंगळुरूच्या येलहंक्यात महानंदाबाईंच्या घरून कुणाचं भांडं रिकामं परत गेलं, असं आजवर झालेलं नाही. शेजारच्या भीमाचार्यांच्या घरून वाटीभर पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात आला, की दुसऱ्या दिवशी त्याच वाटीतून थालीपीठ जायचं. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर. ही शिस्त त्यांच्या आईची, निपाणीच्या विठाबाईंची. "रिकामं भांडं परत करणं म्हणजे 'पुन्हा येऊ नका' असं सांगणं," असं विठाबाई म्हणायच्या आणि तसं कुणी केलं तर वर्षभर बोलून दाखवायच्या.

महानंदाबाई लग्न होऊन निपाणीहून बेंगळुरूला आल्या, बी.ए. होत्या, विम्याच्या ऑफिसात लागल्या. दिवसभर आग, पूर आणि अपघात यांचे कागद चाळणाऱ्या बाईला काळजी वेगळी शिकावी लागत नाही. मुलगा गिरीराज शाळेच्या सहलीला जरी गेला, तरी त्या बसचे टायर बघून यायच्या. आणि हाच मुलगा मोठा होऊन क्रूझ जहाजाच्या स्वयंपाकघरात लागला. खाली समुद्र, वर आकाश आणि मध्ये हा!

तो पहिल्यांदा निघाला तेव्हा त्यांनी त्याला डबा भरून रव्याचे लाडू दिले. गडबडीत हाताला लागला तो लग्नातला स्टीलचा डबा. झाकणावर कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. महानंदा हिस आई विठाबाईकडून'. लाडू गेले, मुलगा गेला, आणि डबा काही परत आला नाही. गिरी सुट्टीवर यायचा, पंधरा किलोंची बॅग आणायचा, परदेशी साबण आणायचा, डबा नाही.

"गिरी, डबा?"

"आहे गं आई. सुखरूप आहे."

"सुखरूप आहे म्हणजे? डब्याला काय होतंय? आण की इकडं!"

"पुढच्या वेळी."

पुढच्या वेळा येऊन गेल्या. महानंदाबाईंनी मनाशी धरलं, की डबा हरवला आहे आणि पोरगं खोटं बोलतंय. ज्याला आईचा एक डबा सांभाळता येत नाही, तो तिकडे स्वतःला काय सांभाळत असेल?

अशातच त्यांचा भाऊ विठोजी याने सर्जापूर रोडला हॉटेल काढायचं ठरवलं. जागा घेतली, टेबलं आली, पाटी रंगायला गेली. "अक्का, स्वयंपाकघर गिरीच्या ताब्यात देतो," तो म्हणाला. "घरचं पोरगं घरात येईल. पण मला लवकर सांग, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." महानंदाबाईंना तर देवानंच दार उघडल्यासारखं झालं. पण फोनवर विषय काढला की गिरीचं नेटवर्क जायचं. समुद्रात नेटवर्क असतंच कुठे म्हणा, पण नेमकं त्याच वाक्याला जायचं.

शेवटी त्याच म्हणाल्या, मीच जाते. जहाजावरच्या माणसाच्या घरच्यांना कमी भाड्यात प्रवास करता येतो, हे गिरीनेच कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं. नवरा नागराज, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस. त्याला पाण्याचं वावडं. उलसूर तळ्यातल्या बोटीतसुद्धा तो कधी बसला नाही. "तू जा नंदा," तो म्हणाला. "मी इथून काळजी करतो."

अशा रीतीने महानंदाबाई अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून त्या तरंगत्या अपार्टमेंटमध्ये चढल्या. बॅगेत चिरोटे, शेव, मेतकूट आणि ओकारीसाठी वेलदोडे. मनात एकच काम. होकार घेऊन यायचा.

जहाजावर मात्र मुलगा भेटेना. तो सकाळपासून खालच्या स्वयंपाकघरात, आणि ही वरच्या मजल्यावर खुर्चीत समुद्राकडे बघत. रात्री दहा मिनिटं यायचा, उभ्या उभ्या बोलायचा, जांभया द्यायचा. गालफडं बसली होती. "जेवलास?" विचारलं की म्हणायचा, "आई, मी दिवसभर जेवणातच असतो." हे उत्तर नाही, एवढं कळायला बी.ए. लागत नाही.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "उद्या कोरिंतो. मला तीन तासांची सुट्टी मिळालीय. तुला गाव दाखवतो."

"कुठं आलं हे?"

"निकाराग्वात. लहान बंदर आहे. नकाशात शोधू नकोस, दिसायचं नाही."

तीन तास! महानंदाबाईंनी रात्रभर पलंगावर पडून वाक्यं जुळवली. आधी वडिलांच्या गुडघ्याचं काढायचं, मग मामाच्या हॉटेलचं, आणि रडायचं अगदी शेवटी.

जहाज लागलं ते गावाच्या दारातच. धक्क्याबाहेर पाऊल टाकलं की समोर गावच. उन्हाचा भपका आला, आणि त्याच्यामागून तीनचाकी सायकलरिक्षावाले धावून आले. प्रवासी बसवायला पुढे बाक, आणि मागे पायडल मारणारा माणूस. वर रंगीत कापडाचं छत. चार जणांनी एकदम हात केले. महानंदाबाईंना क्षणभर यशवंतपूर स्टेशनाबाहेर आल्यासारखं वाटलं आणि त्या आपसूक कणखर झाल्या.

"कितीला म्हणतोय? अर्ध्यावर ये म्हणावं."

"आई, ओळखीचा आहे तो."

"ओळखीचे तर जास्तच घेतात."

रिक्षा निघाली. पुढे बसलं की रस्ता थेट अंगावर येतो, मध्ये चालकाची पाठसुद्धा नाही. महानंदाबाईंनी एका हाताने दांडी धरली, दुसऱ्या हाताने मुलाचं मनगट, मांडीवर खाऊची पिशवी. बैठी घरं, निळे-पिवळे रंग उडालेले, दारात खुर्च्या टाकून बसलेल्या बायका, चर्चसमोर झाडांची बाग. लांब आकाशात एक ज्वालामुखी, डोक्यावर पांढरा धूर घेऊन.

"तो जागा आहे का रे?"

"कोण?"

"तो डोंगर!"

"स्वल्प," गिरी म्हणाला आणि हसला. 

"गिरी, बाबांचा गुडघा—" महानंदाबाईंनी सुरुवात केली. पण रिक्षा थांबली होती.

एका घराच्या पडवीत चार प्लास्टिकची टेबलं मांडली होती. आतून तळणाचा वास येत होता. एक जाडजूड बाई, साठीची असेल, झगा आणि त्यावर ॲप्रन, बाहेर आली, आणि गिरीला बघताच तिने त्याच्या दंडावर चांगली चापट मारली. मग त्याचे गाल दोन बोटांत धरून, जणू त्याची आई शेजारी उभीच नाही अशा थाटात, बराच वेळ काहीतरी बडबडली.

"काय म्हणतेय?"

"मी वाळलोय म्हणते. आणि दोन महिने आलो नाही म्हणून रागावलीय. ही दोन्या सोकोरो. दोन्या म्हणजे आपल्याकडं बाई म्हणतो ना, तसं. मी अक्काच म्हणतो तिला."

वाळलोय म्हणते! महानंदाबाईंना ती बाई एकदम आवडली, आणि तितकीच आवडली नाही.

सोकोरोने विचारलं नाही, यादी आणली नाही. ताटं आली. लालसर उसळीत परतलेला भात, बाजूला तळलेली केळी, घट्ट दही. "आपल्या अवरेकाळूच्या, पावट्याच्या भातासारखंच आहे बघ," गिरी म्हणाला. त्याने चपला काढल्या, एक पाय दुमडून खुर्चीवर घेतला आणि जेवायला लागला. मान खाली, कोपर टेबलावर. येलहंक्याच्या स्वयंपाकघरात बसायचा, अगदी तसाच. ताट संपत आलं की सोकोरो जाता जाता त्यात पळीभर टाकायची, आणि तो नको म्हणायचा नाही.

महानंदाबाई स्वतःचा घास हातात धरून बघत राहिल्या. जहाजावर त्यांना मुलगा उभाच दिसला होता. इथे तो बसला होता.

मग त्यांची नजर आत गेली. स्वयंपाकघरातल्या फळीवर, अंड्यांच्या टोपलीशेजारी, उन्हाची तिरीप लागून काहीतरी चमकत होतं.

"गिरी."

"हां."

"तो माझा डबा आहे."

गिरीचा घास थांबला. "हो."

"पाच वर्षं मला सांगतोस, सुखरूप आहे!"

"मग नाहीये का?"

आणि मग त्याने सांगितलं. पहिल्याच सफरीत तो इथे आला होता. घरची फार आठवण येत होती, म्हणून उरलेले लाडू डब्यासकट घेऊन एकटाच गावात उतरला. इथे बसला, लाडू खाल्ले, या बाईलाही दिले, आणि घाईत डबा विसरून गेला. पुढच्या खेपेला जहाज आलं तेव्हा सोकोरोने डबा जपून ठेवला होता, घासूनपुसून, आणि आत खोबऱ्याच्या वड्या भरल्या होत्या.

"मग? घेऊन यायचा की!"

"आणला ना जहाजावर. वड्या खाल्ल्या. पण डबा भरून आला होता आई. भरून आलेलं भांडं परत द्यावं लागतं, आणि रिकामं देता येत नाही, तूच शिकवलंस. मग पुढच्या खेपेला मी त्यात चहा आणि बिस्किटं घालून आणून दिला. त्यावर तिनं पुन्हा भरला. तेव्हापासून असंच चाललंय. दरवेळी वाटतं, आता घरी न्यावा. पण दरवेळी भरलेलाच असतो. कुठं थांबायचं तेच कळत नाही."

महानंदाबाईंना हसू आवरेना, आणि राग तर तिथेच होता. "अरे गाढवा, तो डबा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा होता का? लग्नातला माझा डबा! माझाच डबा मला परत द्यायचा सोडून..."

सोकोरो एव्हाना खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली होती. हे बोलणं कशाबद्दल आहे, हे तिला भाषेशिवाय कळलं असावं. तिने डब्याकडे बोट दाखवलं, मग महानंदाबाईंकडे, मग झाकणावरची अक्षरं हवेत गिरवली. गिरीने मान हलवली. मग तिने सावकाश, शब्द सुटे करत, काहीतरी विचारलं.

गिरी ताटातली केळी बोटाने सरकवत बसला.

"काय विचारते? सांग की."

"विचारते, तुझी आई तुला घेऊन जायला आलीय का?"

पडवीत पंखा फिरत होता. महानंदाबाईंनी रात्रभर जुळवलेली वाक्यं त्यांना आठवेनात. एकच आठवलं, ते त्या बोलल्या.

"सांग तिला, हो."

गिरीने सांगितलं. सोकोरोने मान डोलावली. वाद घातला नाही, तोंड पाडलं नाही. उठून आत गेली, आणि डबा घेऊन आली. झाकण दाबून बघितलं, पदरासारख्या ॲप्रनच्या टोकाने पुसलं, आणि महानंदाबाईंच्या ओंजळीत ठेवला. जड होता. भरलेला होता. मुलगा आता यायचा नाही, तर डबा ज्याचा त्याला जायला हवा, एवढा साधा तिचा हिशेब.

पाच वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, तो डबा हातात आला. महानंदाबाईंना मात्र कुणीतरी त्यांच्याच दाराला बाहेरून कडी घातल्यासारखं वाटलं.

त्यांनी झाकण उघडलं. पांढऱ्याशुभ्र खोबऱ्याच्या वड्या. एक तोंडात टाकली. "गोड फार आहे," त्या म्हणाल्या. "आणि वेलदोडा नाही." मग मुलाकडे न बघता विचारलं, "तुला काय पाहिजे रे, गिरी?"

"काय पाहिजे म्हणजे?"

"विठूमामाकडं यायचंय का नाही? नेटवर्क आहे इथं. बोल."

गिरीने दुमडलेला पाय खाली घेतला. "घरी यायचंय आई. पण आत्ता नाही. आता कुठं मला सॉसच्या भागात घेतलंय, भाजी चिरण्यातून सुटलोय. आणखी थोडं शिकलो की येतो. आणि खरं सांगू? मामाच्या हाताखाली नको. मामा सांबारात गूळ किती, ते सुद्धा स्वतः येऊन सांगेल."

"सांगेल," महानंदाबाईंनी कबूल केलं. भावाला त्या लहानपणापासून ओळखत होत्या. "पण तू जेवत नाहीस तिथं."

"तिथं वेळ नसतो. इथं आलो की जेवतो."

"ही कधीमधी खेप! बाकीचे दिवस?"

"बाकीच्या दिवसांसाठी तर डबा आहे," गिरी म्हणाला.

महानंदाबाईंनी पिशवी पुढे ओढली. आतून चिरोट्यांचं पुडकं काढलं, शेवेचं काढलं, मेतकुटाची पिशवी काढली. सोकोरोच्या ताटात खोबऱ्याच्या वड्या पालथ्या केल्या, त्यांतल्या अर्ध्या आपल्या रुमालात बांधल्या. डबा पुसला. तळाला चिरोटे एकावर एक, न मोडता बसवले, कडेने शेव, आणि वर मूठभर वेलदोडे. झाकण दाबून लावलं, आणि डबा दोन्ही हातांनी सोकोरोच्या पुढे धरला.

सोकोरोने डब्याकडे बघितलं. मग गिरीकडे. मग ती अशी हसली की टेबल हललं, आणि तिने महानंदाबाईंच्याही दंडावर एक चापट ठेवून दिली.

"वेलदोडा कुटून घालायचा म्हणावं," महानंदाबाई दंड चोळत म्हणाल्या. "साल काढून. आणि तुला सांगते गिरी, पुढच्या खेपेला वड्या चाखून मला फोन कर. घातला का नाही ते."

परतताना उशीर झाला. रिक्षावाला जीव खाऊन पायडल मारत होता, गिरी सारखा घड्याळ बघत होता, आणि जहाज सुटलं तर काय या विचाराने महानंदाबाईंचा जीव वर-खाली होत होता, पण दांडीवरचा हात सैल होता. धक्क्यावर पोचल्यावर भाड्याची घासाघीस करायचंही राहून गेलं.

जहाजावर चढून गिरी पळतच खाली गेला. महानंदाबाई डेकवर आल्या, आणि किनारा लांब जायच्या आत त्यांनी घरी फोन लावला. येलहंक्यात पहाट होत होती. नागराजने पहिल्याच घंटीला उचलला.

"अहो, डबा सापडला."

"अरे वा! घेऊन ये मग."

"ठेवून आले."

"आणि पोरगं?"

"ते पण."

"नंदा, बरी आहेस ना? जेवलीस?"

"जेवले. अगदी बसून जेवले. तोही."

नागराजने हे सगळं पोटात घेतलं. कारखान्यातला माणूस, घाई नाही. "सरी, बरं. मग विठोजीला काय सांगू? तो सकाळी दारात येऊन बसतोय."

महानंदाबाईंनी रुमाल सोडला, पिशवीत उरलेला एक वेलदोडा दातांनी फोडला आणि त्याचे दाणे वडीवर दाबून बसवले. आता चव जमली.

"सांगा, भांडं अजून तिकडंच आहे," त्या म्हणाल्या. "परत आलं की बघू."