जगलेल्या लेकराचे वाळे

बाळाचे वाळे विकायला आणणारा माणूस भाव करत नसेल, तर मी त्याला काही विचारत नाही. जुन्या चांदीच्या धंद्यात तीस वर्षं काढल्यावर एवढं कळायला लागतं. तोडे, निरांजन, अत्तरदाणी विकणारा भांडतो. मीही भांडते, आवाज चढवते, काटा त्याच्याकडे फिरवून दाखवते. वाळ्यांच्या बाबतीत मात्र एखादा नुसता तळहात पुढे करतो, मिळेल ते घेतो आणि जातो. असं का, हे मी एकदाच विचारलं होतं.

पुंडलिकनगरात माझ्या घराची पुढची खोली हेच माझं दुकान. काळी पडलेली चांदी वजनावर घ्यायची, रिठ्याच्या पाण्यात उकळून मऊ ब्रशनं घासायची आणि जी वस्तू अजून वापरता येईल ती आटवायला न देता पुन्हा विकायची. हे मला कोणी शिकवलं नाही. नवरा गेला तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. सराफ्यातल्या दुकानांचा माल घरी आणून मी घासून देत असे. हळूहळू कळलं, की घासणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याच्या हातात जास्त राहतं. मग मीही विकायला लागले. अंगावरचं, घरातलं सगळं गेलं, पण लग्नातले पैंजण मोडून मुलीच्या बारशाला केलेले वाळे तेवढे ठेवले.

तेच वाळे गेल्या वर्षी तिच्या मुलाच्या बारशाला पुण्याला घेऊन गेले होते. दोन दिवस घासून लखलखीत केले होते. तिनं हातात घेतले, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, बाळाच्या पायाला लागतील. सासरच्यांनी शोरूममधून नवे आणलेच होते. एवढ्यावर थांबली असती तरी मी गिळलं असतं. पण चारचौघींत हसत म्हणाली, "तू विकून टाक ना आई, तुझा धंदाच आहे तो."

त्यानंतर मी तिला फोन केला नाही. संक्रांतीत नातवाच्या बोरन्हाणालाही गेले नाही. तिचे फोन आले ते दोन शब्दांत उरकले. वाळे कपाटात फेकून दिले आणि रागानं पुन्हा हात लावला नाही, तर आठ महिन्यांत काळेठिक्कर पडले.

अशात एका दुपारी सोयगावकडची एक बाई सुनेला घेऊन आली. सुनेला सातवा लागला होता. मुलगा वाळूजला कंपनीत, त्याची दुपारची पाळी, म्हणून दोघीच आल्या होत्या. वाळे पाहिजेत म्हणाल्या, जुनेच. मी तबक पुढे सरकवलं. सासूनं एकेक जोड उचलून बघितला, पण वजन विचारलं नाही, भाव विचारला नाही. विचारलं ते भलतंच.

"ह्ये ज्या लेकराचे, ते लेकरू हाय का?"

मी म्हणाले, मी चांदी घेते, जन्मपत्रिका नाही. तरी ती एकेक जोड वर धरून तेच विचारत राहिली. मग सांगितलं तिनं. सुनेची आधीची दोन्ही बाळं राहिली नव्हती, एक पोटात गेलं आणि दुसरं नवव्या दिवशी. त्यांच्याकडं अशा वेळी नवं काही घालत नाहीत. जगल्या-वाढल्या लेकराचं अंगावरचं घालतात.

अशा वेळी बोलायचं वाक्य माझ्या जिभेवर तयार असतं. चांगल्या घरचं आहे, मुलगा इंजिनिअर झाला, वगैरे. कितीतरी वस्तू अशा वाक्यावर गेल्या आहेत. पण तिच्या हातातला जोड भाव न करणाऱ्या माणसाचा होता. मी तो काढून घेतला आणि म्हणाले, हा नको. उरलेल्यांचं मला माहीत नाही. मग उगाच चिडले, चांदीला काय कळतं म्हणाले, डॉक्टरकडे जा म्हणाले.

सून म्हणाली, "जातोय मावशी, सगळं चालू आहे. यानं काही होत नाही हे मलाही कळतं. पण आईंना झोप लागत नाही."

सासू लगेच म्हणाली, "मला कुठं? रात्रभर हीच जागी अस्ती."

दोघी एकमेकींवर ढकलत होत्या. मी उठले आणि कपाटातले वाळे आणून त्यांच्यापुढे ठेवले. माझ्या मुलीचे, म्हणाले, जिवंत आहे, पुण्यात आहे, तोंडानं तर फारच जिवंत आहे. आणि सवयीनं भाव सांगितला, तोही चढा.

सासूनं मान हलवली. "इकत नाय घ्यायचे, बाई. मागून न्यायचे अस्त्यात. अन् लेकीची व्हय पायजे."

माल माझा, कपाट माझं, लेकीला कशाला विचारू, असं मी बरंच बोलले. ती ऐकत बसली, पण जोडाला हात लावेना. शेवटी मी फोन लावला.

दुसऱ्याच रिंगला मुलगी घाबरून म्हणाली, "आई? काय झालं?"

काही झालं नाही, तुझ्या वाळ्यांना गिऱ्हाईक आहे, म्हणाले. मग कोण आहे आणि का आलंय ते सांगितलं. ती मग म्हणाली, त्यांना दे फोन. मी स्पीकर लावला. तिनं आधी सुनेची चौकशी केली, मग सासूची. सासूनं विचारलं, तू किती महिन्यांची चालाया लागली, बाई? मुलगी म्हणाली, ते आईला माहीत.

म्हणून मी सांगितलं. अकराव्या महिन्यात. माझे दोन्ही हात घमेल्यात, पाठ दाराकडे. वाळ्यांची घुंगरं वाजत होती तोवर मी घासत होते. आवाज उंबऱ्याकडे गेला की उठायचे. थांबला की त्याहून लवकर उठायचे. ते वाळे नसते तर मला हे काम करता आलं नसतं.

"हे कधी सांगितलं नाहीस," फोनमधून मुलगी म्हणाली.

"विचारलंस कधी?"

"नाही," ती म्हणाली. "चुकलंच माझं तेव्हा. त्यांना दे आई. पण बाळ चालायला लागलं की परत आणायला सांग. मला पाहिजेत."

मी रिठ्याचं पाणी ठेवलं. मुलीनं फोन बंद केला नाही. मी घासत होते, सून शेजारी बसून बघत होती. कडेवर खरंच एक बारीक कंगोरा होता, बोटाला लागत होता. मी तो पॉलिशच्या कागदानं घासून गुळगुळीत केला. कंगोरा होता हे फोनवर ऐकू जाईल असं काही बोलले नाही. सासूनं वाळे पदराच्या टोकाला बांधले, गाठ दोनदा ओढून बघितली आणि दोघी निघाल्या.

फोन चालूच होता. मुलीनं विचारलं, तेव्हा माझा पाय केवढा होता? मी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं, मग लक्षात आलं की तिला दिसत नाही. व्हिडिओ लाव म्हणाली. पडद्यावर नातू आला, बसता झालेला, समोर दोन दात. चांदीच्या काळ्यानं माझी बोटं भरलेली होती. मी हात मागे घ्यायला लागले.

"राहू दे, दाखव ना," मुलगी म्हणाली.

मी पुन्हा बोटं जुळवून पडद्यासमोर धरली, आणि नातू ती पकडायला पुढे सरकला.