कुंकवात बुडालेला नावाडी

दसऱ्याला लंडनमधल्या इल्फर्डच्या आमच्या फ्लॅटमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. हत्यारं म्हणजे बायकोचा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि माझा जुना जपानी गेम कन्सोल. त्या वर्षी सोबत कन्सोलमध्ये खोचायचं गेमचं एक कार्ट्रिजही मांडलं होतं. फक्त जपानात विकला गेलेला, एका नावाड्याचा गेम होता तो. जपानी मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी पाच महिने चुकतमाकत मी नावाड्याला सातव्या बेटावर पोचवलं होतं, आणि ही सगळी मजल कार्ट्रिजमधल्या इवल्याशा बॅटरीवर जपलेली होती.

"एकच बोट लाव," बायको म्हणाली. मी चिमूट भरून कुंकू घेतलं आणि अक्षता टाकाव्यात तसं उधळलं.

संध्याकाळी कन्सोल चालू केला, तर पडदा काळाठिक्कर. कार्ट्रिज काढून पाहिलं, तर खालच्या पितळी पट्ट्या लालभडक!

"गेला माझा नावाडी," मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

"नाटकं पुरे. घट्ट धर, हलवू नकोस. बॅटरी निसटली तर खरंच जाईल."

कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून ती एकेक पट्टी पुसू लागली. मी कार्ट्रिज दोन्ही हातांनी धरून बसलो. तीनदा पुसूनही पडदा काळाच. चौथ्यांदा संगीत वाजलं. मी पडद्यावरच्या यादीतली पहिली ओळ, म्हणजे माझा जपलेला खेळ, निवडली आणि डोळे गच्च मिटले.

"उघड," बायको म्हणाली. "होडी दिसतेय. सातवंच बेट आहे ना हे?"

माझी आरोळी खालच्या मजल्यापर्यंत गेली असणार. तिने मात्र आधी कुंकवाचा करंडा उचलून माझ्यापासून लांब ठेवला.

पुढच्या दसऱ्याला कुंकू लागलं ते गेमच्या रिकाम्या खोक्याला, तेही तिच्या बोटाने. मला फक्त आरती म्हणायची परवानगी होती.