शुभदाचं खातं

सेलूच्या शुभदाला कापसातली सरकी काढणारे जिनिंगवाले ‘कॉम्प्युटरवाली ताई’ म्हणायचे. क्लाउड म्हणजे दूर कुठंतरी ठेवलेले भाड्याचे कॉम्प्युटर. त्यावर ही घरातल्या माजघरात बसून जिनिंगवाल्यांना लागेल तसं सॉफ्टवेअर उभं करून द्यायची. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन, ओलावा, भाव सगळं आपोआप पावतीवर. मानवत-पाथरीचे जिनिंगवालेसुद्धा तिच्याकडंच यायला लागले.

एकच चुकलं. क्लाउडचं खातं उघडताना तिचे वडील मार्तंडराव, शाळेतले क्लार्क, म्हणाले होते की पोरीचं नाव उद्या लग्नात बदलणार, कशाला दोन-दोनदा कागदं करा, धाकट्या शंतनुच्या नावावर असू दे. शंतनुला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शुभदा हो म्हणाली. अहो, भाऊच तो, परका थोडाच!

परभणीचं स्थळ ठरलं. होणारा नवरा म्हणाला, काम खुशाल चालू ठेव. मग तिनं शंतनुकडं खातं आपल्या नावावर मागितलं.

“सासरी नाव काय ठेवतेत ते तर कळू दे,” तो हसला. “मग एकदाच करू.”

गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. पण तिला बापडीला ते नुसतं गोडच वाटलं.

सासरी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं लिहिलं, मधुवंती. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉप उघडला तर तिला आत घेईना. खातं वापरणाऱ्यांतून तिचं नावच काढून टाकलेलं. स्वतः बांधलेल्या घराचं दार ती दुपारपर्यंत ठोठावत बसली.

शेवटी शंतनुला फोन लावला.

“ताई, तू आता तुज्या घरचं बघ. इथलं मी बघायलोय.”

वडीलही तेच बोलले, वर म्हणाले की लेकीनं माहेरच्या इस्टेटीवर डोळा ठेवू नये. इस्टेट म्हणे! डोळे हिनं फोडले आणि आयत्या बिळावर हा नागोबा. तिनं आपल्या पहिल्या गिऱ्हाइकाला, सेलूच्या दिनकररावांना विचारलं, काम कुणाचं ते तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, शंतनुरावांनी लग्नाच्या मांडवातच सांगितलं होतं की ताई नुसतं टायपिंग करायच्या. जेवण मात्र झकास होतं, असंही म्हणाले.

ऐन हंगामात दिनकररावांच्या काट्यावर पावत्या निघेनात. गाड्यांची रांग थेट रस्त्यावर गेली. तेव्हा शंतनुला ताई आठवली. तिनं आधी तोंडावर नाही म्हटलं, मग आईनं फोन घेतला, “भाऊच हाय ना तुजा. चार लोकांत त्याची इज्जत घालवतीस का?”

इज्जत गेली खड्ड्यात, असं तिला वाटलं. पण आपल्या हातचं काम असं मरू देववेना. कुठं बघायचं, काय बदलायचं, एकेक तिनं फोनवरून सांगितलं. पलीकडं छपाईचा आवाज सुरू झाला. फोन ठेवायचं शंतनुच्या ध्यानात राहिलं नाही.

“झालं बघा काका,” तो दिनकररावांना म्हणत होता. “याला माझ्यासारखाच माणूस लागतोय.”

तिनं फोन बंद केला. स्वयंपाकघरातून सासूबाई कुणा मधुवंतीला हाका मारत होत्या. ती मधुवंती आपण, हे तिच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.