बेणं वजा जाता

ऊसवाल्यांच्या घरात जन्मून मी उसाच्याच चौकटीत शून्य मांडलं होतं. शिरूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. साडी कडक इस्त्रीची, अक्कल मात्र पार चुरगळलेली. फळ्यावर तक्ता मांडला: ऊस, साखर, वीज, एक माल काढायला दुसरा किती लागतो. ऊस पिकवायला ऊस किती? शून्य! शेवटच्या बाकावर गणित शिकवणारी माझी मैत्रीण शालन बसली होती, माझी गंमत बघायला. "अगं ए शहाणे," भर वर्गात म्हणाली, "तुझे आबा बेणं काय वाण्याकडून आणतात? लागणीला ऊसच लागतो ना?" पोरं खिदळली. मग तिनेच खडू घेऊन शून्याच्या जागी बेण्याच्या उसाचा आकडा मांडला. एकक मॅट्रिक्समधून तो तक्ता वजा केला, उरलेल्याचा व्यस्त काढला, बाहेरच्या मागणीने गुणला. लोकांना हवी तेवढी साखर द्यायची तर एकूण ऊस किती पिकवायचा, ते उत्तर आलं. "आधी ज्याचं त्याला ठेवायचं," ती म्हणाली, "मग उरेल ते जगाला."

मागच्या महिन्यात शालन गेली. फोन आला तेव्हा मी तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसले होते... दर गुरुवारी ती दौंडहून एसटीने यायची, माझ्या नातीला हेच गणित शिकवायला. बोलावणारी मीच. वर चिडवायचे, "घरी बसून गंजशील." हडकली होती. जिन्यात थांबायची. विचारलं की म्हणायची, "वय झालं गं." आणि मला ते लगेच पटायचं, कारण नातीची परीक्षा जवळ आली होती. दुखणं अंगावर काढत होती, हे नंतर कळलं. सुनेला, नातवंडांना, मला... सगळ्यांच्या रकान्यात तिचं काही ना काही जात होतं. तिचं तिला किती, ती चौकट मी पुन्हा शून्यच धरली. जन्मभर शिकवून अक्कल आहे तिथेच!

स्वयंपाकघरातल्या छोट्या फळ्यावर तिचं अर्धं गणित अजून आहे. कर्णावरच्या, ज्याचं त्यालाच लागतं त्या चौकटी नेहमीसारख्या दोनदा गिरवलेल्या. पुसायला हात उचलत नाही.

दौंडला भेटायला गेले तेव्हा दाजींपुढे, तिच्या नवऱ्यापुढे, मनातलं बोलून टाकलं: माझ्याकडच्या खेपांनीच ती झिजली. ते म्हणाले, "न्हाई बाई. तुमच्याकडं यायचं असलं की तेवढ्या दिवशी पोटभर जेवायची. बाकीच्या दिवशी ती जेवली का, ते आमी कुणी इचारलंच न्हाई."