प्रेशर स्विचमधली अक्षत

देवावर माझा विश्वास होता, पण त्या वर्षी मी त्याच्याकडे जे मागितलं ते सांगायची आजही लाज वाटते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. चामोर्शीच्या बाजाररस्त्यावर माझं पंक्चरचं दुकान, समोरच रहीमभाऊचं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, हसतमुख माणूस. सायकलवाले, टायरच्या बैलबंडीवाले, सगळे आधी त्याच्याकडे वळायचे. त्याचा कॉम्प्रेसर धडधडू लागला की माझा जळफळाट व्हायचा. मी त्याच्याहून नवा कॉम्प्रेसर आणला, तरी लोक आपले त्याच्याच बाकावर! असं काय आहे त्याच्यात, हे मी जवळच्या मार्कंड्याच्या महादेवाला कितीदा विचारलं असेल.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. सगळे टाकीला हळदीकुंकू लावतात, हार घालतात. माझं मेल्याचं तेवढ्यानं भागेना. देवानं थेट यंत्राच्या आत बसावं म्हणून मी मेन बंद करून, टाकी भरली की मोटर आपोआप थांबवणाऱ्या प्रेशर स्विचचं झाकण उघडलं आणि चिमूटभर लाल अक्षता आत टाकल्या. मनात म्हटलं, महादेवा, माझी मोटर चालू राहू दे आणि समोरची बंद पडू दे.

दुसऱ्या दिवशी बाजार. बटण दाबलं तर मोटर ढिम्म, साधी घुरघुरही नाही. फ्यूज पाहिला, पट्टा हातानं फिरवून पाहिला, सगळं ठीक. मोटर जळली असेल तर चंद्रपूरला न्यावी लागणार, तोवर दुकान बंद आणि उरलंसुरलं गिऱ्हाईकही समोर. समोर तर रांग लागलेली! मला देवाचा राग आला, रहीमभाऊचा त्याहून जास्त.

तेवढ्यात ती रांग सोडून तोच आला. "काऊन रे, तोंड पाडून बसला? मले आवाज द्याचा ना!" टेस्ट लॅम्प लावून म्हणाला, "करंट स्विचपर्यंत येऊन राह्यला, पुढं नाई जात." मेन बंद करून त्यानं झाकण काढलं. करंट जोडणाऱ्या दोन पॉइंटांच्या मधोमध माझ्या अक्षतांतला एक दाणा अडकला होता. पूजेच्या वेळी टाकी भरलेली, म्हणून पॉइंट उघडे होते. तेव्हाच तो शिरला असणार, आणि हवा कमी झाल्यावर पॉइंट जुळलेच नाहीत.

रहीमभाऊनं तो दाणा चिमट्यानं अलगद काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "देवाचा आहे, खाली नोको पाडू." बटण दाबलं, मोटर सुरू झाली. मी रडलो. त्याला वाटलं, आनंदानं रडतोय.

महादेवानं माझं ऐकलं नाही, हे त्याचे उपकार. तेव्हापासून मला काय द्यायचं ते मी त्याच्यावरच सोडतो. मात्र रहीमभाऊला सगळं सांगायला मला वर्ष लागलं. पुढच्या दसऱ्याला झेंडूचा हार घेऊन रस्ता ओलांडला आणि त्याच्या कॉम्प्रेसरपाशी उभं राहून मनातलं पाप कबूल केलं. त्यानं फडक्यानं टाकी पुसली. मग म्हणाला, "घाल बाबा हार. पन झाकन नोको उघडू."