तांब्याभर ओढा

सतरा एप्रिल. सकाळपासून मी तांब्याची भांडी चिंचेनं घासत बसले होते.

एका ओढ्यापायी अख्ख्या तालुक्याशी भांडण घेणारा माणूस आमच्या चुलत सासऱ्यांखेरीज दुसरा नसेल. मामंजी फौजेतून परतले ते थेट ओढ्याच्या ड्युटीवर रुजू झाले. रोज पहाटे काठी घेऊन डोंगरातल्या झऱ्यापासून निघायचं आणि कृष्णेला मिळेपर्यंत काठाकाठानं उतरायचं. झऱ्याशी पाणी अजून ओंजळीनं पिता येतं. खाली पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या टाकतात, मंगल कार्यालय उष्ट्या पत्रावळ्या ढकलतं, मग आमचं गाव आपली गटारं सोडतं. त्यात माझ्या मोरीचंही पाणी आलं. एसटी पुलावर आली की सगळे खिडक्या लावून घेतात. मामंजी आपली मुद्दाम उघडतात. "वढा आजारी हाय. आजाऱ्याला बघून त्वांड फिरवायचं व्हय रं?" असं शेजारच्याला दरडावतात.

दोन वर्षं अर्ज करकरून त्या दिवशी एकदाचे साताऱ्याच्या कचेरीतून पाहणीला साहेब आले. बूट भरतील म्हणून ओढ्यात उतरेनात, आमच्या ओसरीवरच बसले. मामंजींना हेच हवं होतं. पाहुण्याला आधी पाणी, हा तर आपला रिवाज. त्यांनी ओढ्यातून तांब्या भरून आणला, चुलीपाशी ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, सायबांना दे. वास घेतला की कळंल त्यांना."

मी तांब्या उचलला. नाकातले केस जळावेत असा वास. आणि माझा हात आपोआप वळला हो! दारी आलेल्या माणसाला हे द्यायचं? पाणी मोरीत ओतलं, तांब्या घासला, फिल्टरचं भरून दिलं.

साहेब गटागटा प्यायले. "गोड आहे की! तक्रार कसली तुमची?" म्हणाले, आणि मांडीवरच्या कागदावर लिहून टाकलं, पाणी ठीक. मी पुढं होऊन सांगितलं, पाणी मी बदललंय, खाली चला, दाखवते. "आता लिहिलंय बाई," म्हणत ते जीपमध्ये बसले. चार पावलांवर ओढा होता. त्यांचा राग आला, पण त्याहून जास्त माझ्या या दोन हातांचा.

मामंजी ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रिकामा तांब्या हातात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "पावण्याचा मान राखलास गं." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची काठी प्रथमच दाराआड पडून राहिली.

उजाडताच ओढ्यात उतरून मी तोच तांब्या भरला, वर फुलपात्र ठेवून फडक्यानं आवळला आणि साताऱ्याची पहिली गाडी धरली. कंडक्टर नाक धरून म्हणाला, "आवं ताई, काय हाय त्यात? लय घाण येतीया."

"साहेबांना प्यायला पाणी," म्हटलं. "तिकीट द्या."

गाडी पुलावर आली. सगळ्यांनी खिडक्या लावल्या. मी माझी उघडीच ठेवली.